एकतिसावं झाड

“हे तुझं,” झेलाबाई म्हणाली आणि तिनं मोहाच्या खोडावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

“माझं म्हणजे?”

“तुझं म्हणजे तुझं. ह्या हंगामापासून.”

मी काखेत नकाशाची सुरळी धरून उभी होते. मार्चचे पहिले दिवस होते, सकाळचे आठ वाजले होते आणि सूर्यानं तेव्हाच त्रास द्यायला सुरुवात केली होती. शेजारी दौलत उईके होता. आमच्या बीटातल्या, म्हणजे माझ्या वाट्याच्या जंगलातल्या, पाच हंगामी अग्निरक्षकांचा तो म्होरक्या. तो गालातल्या गालात हसत होता, त्यामुळे मला आणखीच अवघडल्यासारखं झालं.

वनरक्षक म्हणून माझं ते पहिलं वर्ष. मी शालन खिलारे, माणदेशातली. आमच्या गावात झाडांपेक्षा विजेचे खांब जास्त. आणि खात्यानं माझ्या ताब्यात दिलं होतं ते राज्याच्या पार पूर्व टोकाचं साडेसातशे हेक्टर जंगल. त्यात मधोमध बेहडाटोला नावाचं तीसेक घरांचं गाव. गावाच्या पश्चिमेला पहाडीच्या खडकापासून ते थेट नाल्यापर्यंत मोहाची एकतीस झाडं एका वाकड्यातिकड्या रांगेत उभी होती. रांगेच्या एका अंगाला गावाची धानाची शेतं, दुसऱ्या अंगाला जंगल. प्रत्येक झाड एकेका घराचं. कागदावर कुठंच नाही, पण गावात शेंबड्या पोरालाही पाठ. दुसऱ्याच्या झाडाखाली पाय ठेवायचा नाही, इतकंच काय, नजर टाकून किती फुलं पडली ते बघायचंही नाही. मला झेलाबाईनं दिलं ते नाल्याकाठचं शेवटचं, एकतिसावं झाड. ज्या घराचं ते होतं, ते घर कधीच संपलेलं होतं.

“आजी, मी सरकारी नोकर आहे,” मी म्हणाले. “मला असं काही घेता येत नाही.”

“फुलं नको वेचू. कोण म्हणते वेच?”

“मग झाडाचं मी करू काय?”

सासरी आलेल्या मुलीनं चुलीचं काय करायचं असतं म्हणून विचारावं, तसं झेलाबाईनं माझ्याकडे बघितलं. मग ती दौलतकडे वळली, पुन्हा माझ्याकडे वळली, “कळंल तुले” म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली. झेलाबाई नैताम म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिला कोणी कामाला लावत नसे आणि तिच्यावाचून कोणाचं काम होत नसे.

“म्याडम, नाई म्हणू नका,” दौलत म्हणाला. “आधीच्या गार्डसाहेबाले सहा वर्षांत एक फांदी नाई देली गावानं.”

“दौलतभाऊ, ही भेटवस्तू होते. नियमात बसत नाही.”

“मंग कागदात बांधून देऊ काय?”

मी हसले नाही. खोलीवर गेले, दैनंदिनी उघडली आणि लिहिलं : ‘ग्रामस्थांनी मोहाचे एक झाड देऊ केले. नाकारले.’ शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली. फार बरं वाटलं. चोविसाव्या वर्षी काहीतरी नाकारायला मिळणं यासारखं सुख नाही.

आता हे सांगायला हवं की त्या गावाशी माझा एक करार झाला होता, तोंडी. मोह पडायला लागला की फुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. तेवढं झाडाखालचं जळतं, पण कधीतरी वारा येतो आणि शंभर एकर जातं. फेब्रुवारीत मी सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर जमवलं आणि तासभर बोलले. जाळू नका, झाडा. रोज सकाळी खराट्यानं झाडा, जमीन स्वच्छ ठेवा, फुलं आपोआप दिसतील. बायका ऐकत होत्या. मोह म्हणजे त्यांचं अर्ध्या वर्षाचं पोट होतं, त्यामुळे त्या चेष्टेवारी नेणार नव्हत्या.

शेवटी झेलाबाईनं विचारलं, “आमी नाई जाळलं, झाडलं. अन आग तिकडून, पहाडीपलीकडून आली तं?”

“तर मी अडवीन,” मी म्हणाले.

“तू?”

“मी.”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझी उंची पाच फूट एक इंच, आणि त्यात बुटांचा एक इंच धरलेला. झेलाबाई मात्र हसली नाही. तिनं “बरं” म्हटलं आणि उठली. दुसऱ्या दिवसापासून गावात कोणी काडी ओढली नाही.

त्यामुळे तो हंगाम माझ्या छातीवर धोंड्यासारखा होता. आग आली आणि मोह गेला, तर झाडं मरणार नव्हती, मोह तसा चिवट असतो. पण त्या वर्षीची फुलं जाणार, आणि पुढच्या वर्षी माझ्याच काय, खात्यातल्या कोणाच्याच बोलण्यावर हे लोक विश्वास ठेवणार नव्हते. मग पुन्हा काडेपेटी.

मार्चच्या मध्याला मोह पडायला लागला. मी रोज सकाळी रांगेनं एक फेरी मारायचे. फुलांचा तो गोड, जरासा आंबूस वास, आणि प्रत्येक झाडाखाली बायकांचे खराटे. आठवड्याभरात प्रत्येक झाडाखाली स्वच्छ मातीचा गोल घेरा तयार झाला, पंधरासोळा पावलं रुंद, सारवल्यासारखा. मी प्रत्येकीला शाबासकी देत जायचे. झेलाबाईच्या तिसाव्या झाडापर्यंत जायचे आणि तिथूनच मागे वळायचे. एकतिसाव्याकडे मी मुद्दाम फिरकले नाही. लोकांना वाटायला नको की बाईच्या मनात आहे, नुसतं तोंडानं नाही म्हणते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी पावणेदोनला, दौलतनं जेवता जेवता मान वर केली.

“धूर.”

“कुठं?”

“पहाडीमागं. सागाचा पाला हाय.”

मी मोबाइल बघितला. कुठंही आग लागली की उपग्रहावरून आम्हाला संदेश येतो. संदेश नव्हता. तो आला साडेपाचला, तोवर त्याची कोणालाच गरज उरली नव्हती. पण दौलतच्या नाकाबद्दल माझा आदर त्या दिवसापासून कायमचा आहे.

आम्ही सहा जण पहाडीवर चढलो. पाठीवर पाण्याचे कॅन, हातात कोयते, आणि दौलतच्या पाठीवर पालापाचोळा उडवायचा ब्लोअर. त्याला सगळे भोंगा म्हणत. वरून बघितलं तर पलीकडच्या उतारावर आगीची एक लांब वाकडी ओळ आमच्याकडे येत होती. ज्वाळा गुडघ्याएवढ्याच होत्या, पण ओळ किलोमीटरभर तरी असेल, आणि पश्चिमेचा वारा तिला मागून ढकलत होता. आग पहाडीला वळसा घालून खाली येणार, मग सपाटीचं जंगल आणि मग मोहाची रांग.

मी ठवरे साहेबांना फोन लावला. ते आमचे वनपाल. फोनवर त्यांच्याकडचाही तडतडाट ऐकू येत होता.

“खिलारे, मी इकडं दुसऱ्या आगीवर आहे. वीस किलोमीटर. सगळी गाडी-माणसं इकडंच.”

“सर, मग मी?”

“आधी पहाडीखालच्या गाडीवाटेवर अडवून बघ. नाही जमलं तर मागं सरक, स्वच्छ पट्टा काढ आणि उलट आग लाव. जीव सांभाळून. माणूस महत्त्वाचा, झाड नंतर.”

उलट आग म्हणजे काय ते सोपं आहे. येणाऱ्या आगीच्या वाटेत एक पट्टा पार मातीपर्यंत साफ करायचा, आणि त्या पट्ट्याच्या कडेनं आपणच आग लावायची, आगीच्या दिशेनं. आपली आग तिकडं जळत जाते, येणारी इकडं येते, मधे दोघींची भेट होते आणि खायला काही न उरल्यामुळे दोघी विझतात. फक्त पट्टा अखंड पाहिजे. एक फट राहिली, तर आपणच लावलेली आग फटीतून मागं येते आणि मग अडवायला कोणीच नसतं.

गाडीवाटेवर आम्ही पाऊण तास झुंजलो. भोंगा आधी सुरूच होईना. दौलतनं त्याला त्याच्या आईवरून काहीतरी ऐकवलं, तेव्हा सुरू झाला. आम्ही पाला उडवला, हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपली, माझ्या बुटाचा तळ सुटला, दौलतची एक भुवई गेली. आणि मग एक वावटळ आली, पेटती पानं डोक्यावरून पलीकडे गेली आणि आमच्या मागं दहा ठिकाणी धूर निघाला.

“म्याडम, हे नाई थांबत,” दौलत म्हणाला. “मागं चला.”

आम्ही पळालो. मला रडू येत होतं. सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून माझं खपून गेलं.

मोहाच्या रांगेपाशी अख्खं गाव आलेलं होतं. बायका टोपल्यांत हाताला येतील तेवढी फुलं भरत होत्या. झेलाबाई रांगेच्या मधोमध उभी होती, कमरेवर हात ठेवून.

“आली ना तिकडून?” ती म्हणाली.

“आली.”

“मंग?”

ती एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी जंगलाकडे बघितलं. तासाभरात आग इथं असणार होती. पहाडीच्या खडकापासून नाल्याच्या वाळूपर्यंत सहाशे मीटर तरी अंतर, आणि आम्ही सहा जण. एवढा पट्टा साफ करायला आम्हाला चार तास लागले असते. मी मनातल्या मनात आकडे फिरवत होते आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं.

“म्याडम,” दौलत म्हणाला, “जंगलाकडं नका पाहू. रांग पाहा.”

मी बघितलं. आणि मग मला दिसलं, जे मी तीन आठवडे रोज सकाळी बघत होते. प्रत्येक झाडाखाली स्वच्छ मातीचा घेरा. मग पाचसहा पावलं पाचोळा. मग पुढच्या झाडाचा घेरा. मग पुन्हा पाचसहा पावलं. पट्टा जवळजवळ तयारच होता. बायकांनी तो खराट्यानं रोज थोडा थोडा काढून ठेवला होता, फक्त मधले सांधे जोडायचे होते.

“आजी,” मी ओरडले, “दोन झाडांमधली जागा कोणाची असते?”

“कोणाचीच नाई.”

“मग ती झाडता येईल?”

झेलाबाईनं एक क्षण विचार केला. मग तिनं असा आवाज काढला की तो पहाडीवरून परत आला. “आपापलं झाड, अन नाल्याकडची जागा. सगळ्यांनी. खराटे घ्या.”

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी विसरणार नाही. तीस खराटे एकदम चालत होते. पुरुष फावड्यानं मुळं उकरत होते, पोरं पाण्याच्या घागरी आणत होती. धुळीनं समोरचं दिसेना. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं की लग्नाच्या आधी अंगण झाडतात तसं चाललंय, आणि दुसरी म्हणाली, नवरदेव लय गरम हाय, जरा जपून. त्याही स्थितीत सगळ्या हसल्या. मीही हसले. भीती तशीच होती, पण ती आता एकटीची नव्हती.

मी आणि दौलत खडकाच्या टोकाला जाऊन उभे राहिलो, पहिल्या झाडापाशी. तिथून उलट आग लावत नाल्याकडे जायचं ठरलं. जंगलात आता तडतड ऐकू यायला लागली होती.

“झालं का?” मी ओरडून विचारलं.

प्रश्न एकीकडून दुसरीकडे असा रांगेनं गेला, धुळीत दिसेनासा झाला, आणि तसंच रांगेनं उत्तर परत आलं. झालं. झालं. झालं. शेवटी माझ्या जवळच्या बाईनं मान हलवून सांगितलं, “झालं, म्याडम.”

मी काडी ओढली.

मी पुढं वाळक्या गवताची पेटती जुडी घेऊन चालत होते, पट्ट्याच्या जंगलाकडच्या कडेनं ठिणगी लावत. मागून दौलत भोंग्यानं ज्वाळा जंगलाकडे लोटत होता. बाकी चौघे डहाळ्या घेऊन चुकार ठिणग्या झोडपत येत होते. पाच झाडं झाली, दहा झाली. आग शहाण्यासारखी तिकडं चालली होती. वीस झाली. मला हुरूप आला होता. ठवरे साहेबांना काय काय सांगायचं त्याची वाक्यंही मी जुळवायला लागले होते. सत्तावीस. अठ्ठावीस. धुळीतून झेलाबाईचं झाड दिसलं, तिचा घेरा दिसला, अगदी चकचकीत. आणि त्याच्या पलीकडे नाला दिसायला पाहिजे होता.

नाल्याच्या अलीकडे आणखी एक मोहाचं झाड होतं. त्याच्याखाली घोट्याच्या वर येईल एवढा पाला होता, आणि त्या पाल्यावर तीन आठवड्यांची फुलं वाळून तपकिरी होऊन पडली होती. एकही पान कोणी हलवलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. सगळ्या गावानं एवढं केलं आणि एका माणसानं आळस केला. “हे कोणाचं झाड आहे?” मी किंचाळले. “इतकं सांगून कोणाला झाडता येत नाही? कोणाचं हे?”

तिसाव्या झाडाखाली झेलाबाई उभी होती. तिच्या मागं आणखी चारपाच बायका येऊन थांबल्या.

“तुझं,” झेलाबाई म्हणाली.

माझ्या हातातली जुडी बोटांपर्यंत जळत आली होती. ती मी झाडलेल्या मातीवर फेकली. तीस बायकांनी आपापल्या झाडाचं ‘झालं’ सांगितलं होतं. एकतिसावी मी, आणि मी दुसऱ्या टोकाला काडेपेटी घेऊन इतरांना विचारत उभी होते. झाडायला सांगत अख्ख्या गावभर फिरणारी बाई स्वतःचं झाड झाडत नसेल, अशी शंका कोणाला येणार? आणि दुसऱ्याच्या झाडाखाली तर कोणी बघतच नाही.

मी खराटा हिसकावून घेतला आणि आत घुसले. दोन हातांनी जेवढं होईल तेवढं करत होते. पाल्याचा थर हलायचा आणि पुन्हा घसरून खाली यायचा. डावीकडून आपली आग कडेकडेनं सरकत इकडंच येत होती. समोर झाडांमधून मोठी आग दिसायला लागली होती. मी एकटी, आणि सोळा पावलं.

“आजी, या ना,” मी ओरडले.

झेलाबाई पळत आली. घेऱ्याची जी कड असायला हवी होती, तिथपर्यंत आली आणि थांबली. तिचे पाय आपोआप थांबले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या मागच्या बायकाही तिथंच थांबल्या, हातात खराटे घेऊन.

“कुठं येऊ?”

“इथं. इथं या.”

“झाड कोणाचं हाय?”

“आजी, आग बघा तिकडं.”

“आग पाहूनच विचारून रायली, बाई. झाड कोणाचं?”

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यापेक्षा नियमाला पक्की बाई भेटली होती. मालकिणीनं बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या झाडाखाली जायचं नाही, एवढा एक नियम, आणि तो मोडायला आगसुद्धा पुरेशी नव्हती. मला माझी दैनंदिनी आठवली. शब्दाखालची ती रेघ आठवली. लाज वाटली, खूप वाटली, पण लाजायला वेळ नव्हता.

“माझं,” मी म्हणाले. “माझं झाड आहे. माझ्या झाडाखाली या.”

“आता कसं,” झेलाबाई म्हणाली आणि आत आली.

तिच्या मागून सगळ्या आल्या. एकोणतिसाव्या झाडाची, अठ्ठाविसाव्या झाडाची, मग ज्यांना निरोप पोचला त्या पळत पळत आल्या. तिथं पंचवीस खराटे झाले असतील, एकमेकींच्या पायांत अडकत, एकमेकींना शिव्या देत. आम्ही पाला आणि फुलं जंगलाच्या बाजूला लोटत गेलो. “तीन हप्त्यांचा मोह माती केला पोरीनं,” झेलाबाई झाडता झाडता म्हणत होती. “एवढ्यात माझी दोन पोती भरली असती.” दौलतनं भोंगा आणला, तो नेमका तेव्हाच बंद पडला, त्यानं तो पाठीवरून उतरवून ठेवला आणि हातानं पाला ओढायला लागला. मातीचा काळा रंग दिसायला लागला. मग घेरा पूर्ण झाला. मग नाल्याची वाळू आली.

मी पुन्हा काडी ओढली तेव्हा घाईत तीन काड्या वाया गेल्या. चौथी लागली. लोटलेल्या ढिगानं पेट घेतला आणि आग जंगलाकडे चालायला लागली.

दहा मिनिटांनी दोन्ही आगी एकमेकींना भेटल्या. एकदा मोठा भडका उठला, आम्ही सगळे दोन पावलं मागं सरलो, आणि मग ती दोघींची ओळ ठिकठिकाणी तुटत गेली. काळी जमीन राहिली, धूर राहिला. रांगेच्या अलीकडे एक पान जळलं नव्हतं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका मोहाखाली बसल्या आणि पाणी प्यायल्या.

मग वास आला. माझ्या झाडाची वाळलेली फुलं निखाऱ्यात भाजली गेली होती. झेलाबाईनं काठीनं मूठभर बाहेर ओढली, फुंकर मारली आणि माझ्यापुढं धरली.

“खा. लाजू नको.”

मी खाल्ली. गोड, खमंग, थोडी राख. सरकारी नियमांत भाजलेल्या मोहाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी नंतर शोधलं.

सहाच्या सुमारास ठवरे साहेब मोटारसायकलवरून आले, त्यांचंही तोंड काळं झालेलं. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा चालून बघितला. परत आले तेव्हा डोक्यावरची टोपी हातात होती.

“खिलारे, सहाशे मीटर. तासाभरात. सहा माणसांनी?”

“नाही सर. तीन आठवडे लागले. तीस बायकांनी.”

“एकतीस,” झेलाबाई मागून म्हणाली.

साहेब गेले. ऊन कलून लालसर झालं होतं. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन गावाकडे निघाल्या. मी झेलाबाईजवळ जाऊन बसले. एक गोष्ट मला दुपारपासून खात होती.

“आजी, मी बाहेरची. आज आहे, उद्या बदली. फुलं मी वेचणार नाही हे तुला माहीत होतं. मग मला झाड कशाला दिलं?”

झेलाबाईनं खराट्याचा सुटलेला बंध दातानं ओढून पक्का केला. मग म्हणाली, “शाळेच्या ओट्यावर तू काय म्हणाली होती? आग आली तं मी अडवीन. म्हणाली का नाई?”

“म्हणाले.”

“मंग अडवाले तुले उभी राहाले जागा नको?”

तिनं माझ्या पाठीवर थाप मारली, खोडावर मारली होती तशीच, आणि ती उठून गेली.

दैनंदिनीत खाडाखोड चालत नाही. म्हणून त्या दिवशीच्या पानावर आगीचा सगळा तपशील लिहून झाल्यावर मी शेवटी एक ओळ वाढवली : ‘मोहाचे झाड स्वीकारले.’ या वेळी खाली रेघ मारली नाही.

याला बारा वर्षं झाली. माझ्या तीन बदल्या झाल्या, आता मी स्वतः वनपाल आहे. पण दिलेलं झाड परत घेत नाहीत, असा तिथला नियम आहे, आणि नियमाच्या बाबतीत मी कशी आहे ते तुम्हाला कळलंच असेल. दर मार्चमध्ये दौलतचा फोन येतो. “म्याडम, तुमचं झाड झडून रायलं.” मग मी तीन दिवसांची रजा टाकते, एसटीनं जाते आणि माझा घेरा स्वच्छ करून येते. झेलाबाई आता झाडत नाही, खाटेवर बसून कुठं पान राहिलं ते सांगते. निघताना मी तिच्या सुनेला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावते : माझ्या झाडाखाली ये. मग ती हंगामभर झाडते आणि फुलं घेऊन जाते.

रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी ‘घरचे काम’ असं लिहिते. साहेबांनी अजून एकदाही विचारलं नाही, कुठलं घर म्हणून.